शिंगराचा खटला

मॉरिसव्हिल
२ मार्च २०२५

ती. प्रल्हादकाकांना पुतणीचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही स्वतःच्या मनाने भरता. म्हणून सुलभाकाकू गेल्यावर आपण ठरवलं होतं, की महत्त्वाचं असेल ते पत्रात लिहायचं. हे महत्त्वाचं आहे. तुम्हाला जज व्हायचंय.

आमच्या इथल्या मराठी मंडळात दर गणपतीला नाटक होतं. यंदा त्याऐवजी अर्ध्या तासाचा सिनेमा करतोय. विनोदी वेस्टर्न, म्हणजे टोप्या, धूळ, पिस्तुलं आणि मराठी. लिहिलाय आणि बसवतेय माझी मैत्रीण वीणा. कॅमेरा शंतनूचा. तुमच्या या जावयाने नवा कॅमेरा घेतल्यापासून आमच्या घरात कोणाला साधं जेवताही येत नाही.

गोष्ट अशी. कोरडवाडी नावाचं गाव. गावाची एक घंटा असते, ती फक्त सणाला वाजवतात. एरवी ती पेटीत घालून एका तबेलेवाल्याकडे ठेवलेली असते. एका सणाला पेटी उघडतात तर घंटा फुटलेली. लगेच गावच्या बारमध्ये कोर्ट भरतं. मंडळाच्या कार्यक्रमात दारू दाखवायची नाही, म्हणून बारमध्ये चहा मिळतो. जजचा नियम एकच: चहा गार व्हायच्या आत निकाल. साक्षीपुरावे नंतर, वेळ उरला तर. आणि आरोपी कोण, तर तबेलेवाल्याचं शिंगरू, ठुमकी. तिनेच खेळता खेळता लाथ मारली असणार, असं सगळ्यांचं मत पडतं. जज तिला तडीपार करतो. तबेलेवाला म्हणतो, शिंगरू जाईल तिथे मी जातो, आणि दोघं गावाबाहेर पडतात. पुढचं वीणाला सुचलेलं नाही. शिंगरू पुठ्ठ्याचं आहे, खाली चाकं लावलीत.

तुम्ही टेक्सासात चव्वेचाळीस वर्षं काढलीत. हॅट खरी, बूट खरे, ह्यूस्टनच्या मंडळाचे माजी अध्यक्ष, आणि आवाज असा की माइक लागत नाही. दुसरा जज आम्ही कुठे शोधणार? शूटिंग सात जूनला, शनिवारी, इथल्या एका शेतावरच्या बार्नमध्ये. स्क्रिप्ट सोबत ठेवलंय.

तुमची
आश्लेषा


शुगर लँड
११ मार्च

चि. आश्लेषा,

जज व्हायला मी तयार आहे. इतक्या वर्षांत कोणी मला काही व्हायला सांगितलं नव्हतं. डॉक्टर फक्त काय खाऊ नको ते सांगतात.

आधी तक्रारी ऐकून घे. वीणाबाईंचा जज हॅट घालून जेवायला बसतो, ते इथे चालत नाही. बुटाला घोड्याला टोचायची काटेरी टाच लावून लाकडी जमिनीवर चालला तर घसरून पडेल, निकाल राहील बाजूला. आणि टेक्सास म्हणजे तुम्हाला घोडे वाटतात. मी आयुष्यभर रिफायनरीतले पंप बघितले. घोड्यावर एकदाच बसलो, तुझ्या काकूच्या हट्टापायी, आणि तिनेच मला खाली उतरवलं. हॅट मात्र खरी आहे. ती घालून मी रोज सकाळी कॉलनीत फिरतो, शेजारचे मला शेरिफ म्हणतात.

स्क्रिप्ट दोनदा वाचलं. पहिल्यांदा खूप हसलो. हा जज म्हणजे आधी कळस मग पाया. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तितकं हसू आलं नाही, वयाचा परिणाम असेल.

एक किरकोळ शंका. 'चहा गार होतोय, निकाल लावून टाकू,' हे वाक्य या वीणाबाईंना कुठे मिळालं? सहज विचारतो.

तुझा
काका


मॉरिसव्हिल
२० मार्च

ती. काका,

वीणाने तुमचं पत्र माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि जजच्या बुटाची टाच काढून टाकली.

ते वाक्य तिच्या बाबांचं आहे. वाक्यच काय, सगळी गोष्टच त्यांची. वीणा लहानपणी झोपायला त्रास द्यायची तेव्हा ते तिला कोरडवाडीचा जज सांगायचे. कधी जज चहात मिशी बुडवायचा, कधी खुर्चीवरून पडायचा. वीणा पोट धरून हसायची. पण शेवट त्यांनी कधीच सांगितला नाही. 'मग काय झालं?' विचारलं की म्हणायचे, 'जज अजून विचार करतोय, तू झोप.' त्यामुळेच वीणालाही शेवट सुचत नाही.

तुम्ही त्यांना ओळखत असाल. दिगंबर केळुसकर. वीणा पाच वर्षांची होईपर्यंत ते तुमच्या ह्यूस्टनलाच होते, मग इथे औषध कंपनीत आले. तबेलेवाल्याचं काम तेच करणार आहेत. जज कोण हे सांगितलं तेव्हा म्हणाले, 'टोपी त्याला शोभेल.' म्हणजे तुमची चांगलीच दोस्ती असणार. बघा, जग किती लहान.

तुमची
आश्लेषा


शुगर लँड
४ एप्रिल

चि. आश्लेषा,

माझा गुडघा दुखतोय. डॉक्टर विमानाने जाऊ नका म्हणाले. जजच्या कामासाठी दुसरं कोणी बघा. हॅट हवी असेल तर कुरिअरने पाठवतो.

वीणाला आणि तिच्या वडिलांना माझा नमस्कार सांगू नकोस, उगाच विषय निघतो.

काका


मॉरिसव्हिल
१२ एप्रिल

काका,

रोज सकाळी हॅट घालून दोन मैल फिरणारा गुडघा एकदम दुखायला लागला, यावर माझा विश्वास नाही. काही चुकलं असेल तर सांगा. तुमच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही आणि तुम्हालाही माझ्याशी नाही.

मी वीणाकडे गेले होते. तुम्ही येत नाही म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं. तिचे बाबा मात्र खिडकीपाशी बसून म्हणाले, 'त्याचा गुडघा बरा आहे. थांबू या आपण.' दुसरा जज बघायला त्यांनी नको म्हणून सांगितलंय.

एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. दिगंबरकाकांना पार्किन्सन्स आहे, तीन वर्षं झाली. हात थरथरतो, पण त्याचं काही वाटत नाही. आवाज बारीक होत चाललाय. शेजारी बसलं तरच ऐकू येतं. वीणाने सिनेमाची घाई का केलीय हे तुमच्या लक्षात येईल. तिला बाबांचा आवाज ठेवायचाय, तोही ती गोष्ट सांगतानाचा.

आश्लेषा


शुगर लँड
२५ एप्रिल

चि. आश्लेषा,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. हे चौथं आहे, आणि हे पाठवणार आहे.

कोरडवाडी म्हणजे आम्हीच. घंटा म्हणजे मंडळाची गणपतीची मूर्ती. पुण्याहून एका बाईंनी मांडीवर ठेवून विमानातून आणलेली, शाडूची. इथे दरवर्षी नवी कुठून आणणार? पाणी शिंपडून विसर्जन करायचं आणि मूर्ती जुन्या साडीत गुंडाळून, पेटीत घालून कोणाच्या तरी घरी वर्षभर ठेवायची, अशी आमची रीत होती. १९९४ साली ती दिगंबरकडे होती. दिगंबर माझा मित्र. आम्ही एकाच रिफायनरीत होतो, एकमेकांच्या गाडीतून कामावर जायचो.

गणपतीच्या दिवशी पेटी आणायला मी माझी मोठी गाडी घेऊन गेलो. दिगंबरने साडी सोडून मूर्ती दाखवली, घाईत मी ती नीट बघितलीही नाही; त्याने परत सैलसर गुंडाळली आणि पेटी मागच्या सीटवर ठेवली. तो बायकोमुलीला घेऊन त्याच्या गाडीतून मागे निघाला. हॉलवर दोनशे माणसं, ताटं मांडलेली. पेटी उघडली तर आशीर्वादाच्या हाताची तीन बोटं नाहीत. भंगलेल्या मूर्तीची पूजा करत नाहीत, हे तुला माहीत आहे. बायका रडायला लागल्या. शेवटी सुपारी मांडून पूजा केली.

आम्ही कमिटीचे पाच जण हॉलच्या स्वयंपाकघरात शिरलो. कोणीतरी चहा ओतला. एकजण म्हणाला, दिगंबरची मुलगी पाच वर्षांची आहे, तिनेच खेळायला घेतली असणार. दुसरा म्हणाला, नक्कीच. मी अध्यक्ष होतो. दिगंबर दाराशी आला, काही बोलायला त्याने तोंड उघडलं. मी हात वर करून त्याला थांबवलं आणि म्हणालो, 'चहा गार होतोय, निकाल लावून टाकू.' देवाची वस्तू ज्या घरात पोरीच्या हाती दिली जाते, त्या घराने यापुढे मंडळात येऊ नये, असं ठरलं. दहा मिनिटं लागली. बाहेर ती मुलगी रिबिनी बांधून, आरतीची झांज हातात घेऊन उभी होती. दिगंबरने झांज तिच्या हातातून काढून टेबलावर ठेवली आणि तिला घेऊन गेला. पाच महिन्यांत त्याने ह्यूस्टन सोडलं.

पुढच्या मे महिन्यात मी ती गाडी विकायला काढली. साफ करताना मागच्या सीटखाली हात घातला, तर बोटं सापडली. तिन्ही. तेव्हा आठवलं, हॉलवर जाताना वळणावर कुत्रा आडवा आला होता आणि मी जोरात ब्रेक मारला होता. मागे काहीतरी खडखडलं होतं. मी पूजेचं सामान समजलो होतो, आणि पोचल्यावर पेटीचं सुटलेलं झाकण नुसतं दाबून बसवलं होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी बोटं फोटोच्या रोलच्या काळ्या डबीत ठेवली आणि डबी कपाटात. सुलभाला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, 'दिगंबरला फोन कर.' दर गणपतीला ती विचारायची, 'केलास?' मी म्हणायचो, करतो. एकदा नंबर फिरवलाही. पलीकडून मुलीचा आवाज आला, मी ठेवून दिला. सुलभा गेली त्या वर्षीही हॉस्पिटलातून विचारलं होतं तिने.

मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. लोक काय म्हणतील याची आधी, मग दिगंबर काय म्हणेल याची. मग इतकी वर्षं गेली, की वर्षांचीच लाज वाटायला लागली.

तुझं पत्र आल्यापासून एकच गोष्ट मनातून जात नाही. आम्ही पाच वर्षांच्या पोरीवर आळ घेतला, आणि तिच्या बापाने तिला त्याची हसायची गोष्ट करून सांगितली. तिला आजपर्यंत माहीत नाही की शिंगरू ती आहे.

गुडघा बरा आहे. मी येतो. वीणाला तू सांगू नकोस. ते माझं काम आहे.

तुझा
काका


मॉरिसव्हिल
३ मे

ती. काका,

तुमचं पत्र वाचून मला राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि तो नाही असं दाखवणंही मला जमणार नाही. मी वीणाला रोज भेटते. परवा ती पुठ्ठ्याच्या ठुमकीला पापण्या चिकटवत होती. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेले.

तरी या. सहा जूनचं तिकीट काढलंय, एअरपोर्टवर शंतनू येईल. डबी हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन करू नका.

आश्लेषा


शुगर लँड
१२ जून

चि. आश्लेषा,

सुखरूप पोचलो. तू आणि शंतनूने खूप केलंत माझं. एअरपोर्टवर तुला काही विचारायचं होतं, धीर झाला नाही. म्हणून लिहितो.

सकाळी बार्नमध्ये दिगंबर भेटला तेव्हा 'आलास' एवढंच म्हणाला. तो गवताच्या गठ्ठ्यावर बसला होता, ठुमकीची दोरी हातात धरून, आणि दोरी हलत होती. मी त्याच्यासमोर जजच्या खुर्चीत. शंतनू म्हणाला, 'काका, तुमचे हिअरिंग एड्स शॉटमध्ये दिसतायत यार, त्या काळात कुठे होते?' मी यंत्रं काढून कोटाच्या खिशात टाकली. माझी वाक्यं मला पाठ होती, दुसऱ्यांची ओठांवरून कळत होती.

मग निकाल आला. स्क्रिप्टप्रमाणे मी हातोडा आपटून 'तडीपार' म्हणायचं होतं. मला ते म्हणवेना. मी खिशातून डबी काढली, बोटं टेबलावर ओतली आणि म्हणालो, 'शिंगरू निर्दोष आहे. घंटा जजच्या गाडीत फुटली. जजला हे तीस वर्षं माहीत आहे.' मग दिगंबरकडे बघून विचारलं, 'तबेलेवाल्याला काही म्हणायचंय का? आम्ही तेव्हा विचारलं नव्हतं.'

तो बोलला, आश्लेषा. बराच वेळ बोलला. त्याचे ओठ हलत होते, पण दाढी लावलेली, मान खाली, आणि आवाज तर तू म्हणतेस तसा. माझे कान खिशात. मला एक शब्दसुद्धा ऐकू आला नाही. 'थांब, यंत्र लावतो' एवढं म्हणायला काय लागलं असतं? सगळे बघत होते, मला लाज वाटली. मी होकारार्थी मान हलवली. दोनदा. तो हसला, सिनेमाला शेवट सापडला असं समजून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वीणा 'कट' म्हणाली.

म्हणजे तीस वर्षांनी मी त्याला विचारलं आणि तेव्हाही ऐकलं नाही. मी कशाला मान हलवली ते मला ठाऊक नाही.

नंतर गाड्यांपाशी मी वीणाला गाठून सगळं सांगितलं. तेव्हा यंत्रं कानात होती, पण ती काही बोललीच नाही. तिने डबी हातात घेतली, आत बघितलं, आणि डबी घेऊन निघून गेली. ती परत मागायचा मला हक्क नाही.

रेकॉर्डिंगमध्ये दिगंबरचा आवाज आला असेल, तर तो काय म्हणाला ते मला लिहून कळव. कितीही कडू असलं तरी गाळू नकोस.

तुझा
काका


मॉरिसव्हिल
२० जून

ती. काका,

आवाज आलाय. शंतनूने दिगंबरकाकांच्या शर्टाला माइक लावला होता. मी हेडफोन लावून चार वेळा ऐकलं. चौथ्या वेळी वीणा शेजारी होती. जसंच्या तसं लिहितेय.

'मूर्ती तुझ्या गाडीत ठेवली तेव्हा बोटं शाबूत होती. मी मागेच होतो. तो कुत्रा मीही पाहिला. तेच सांगायला दाराशी आलो, तर तू हात वर केलास. वाटलं, घरी जाऊन विचार करशील आणि उद्या फोन करशील. मग आम्ही इकडे आलो. इकडेही रविवारी फोन वाजला की मीच उचलायला जायचो.'

इथे ते थांबलेत. दोरीचा आवाज येतो. मग म्हणतात:

'हिला मी कधी सांगितलं नाही की गोष्ट खरी आहे. तिला देवाची भीती बसली असती. आता तिला सांग. माझ्याने नाही व्हायचं, तूच सांग.'

इथे तुम्ही पहिल्यांदा मान हलवलीत. आणि न ऐकताच बाहेर जाऊन सांगितलंत. हे जेव्हा मी वीणाला दाखवलं, तेव्हा ती पहिल्यांदा रडली. तोपर्यंत नुसती घरात भांडी आपटत होती. तिला वाईट कशाचं वाटलं तर बाबांनी तिच्या हातातली झांज काढून घेतली, याचं. ते तिला आठवतं म्हणे. कारण कधी कळलं नव्हतं, तिला वाटायचं आपण चुकीची वाजवत होतो.

दिगंबरकाकांचं शेवटचं वाक्य असं आहे:

'यंदा गणपती आमच्या घरी आहे. मूर्ती आणायला गाडी तू चालव. ठुमकी मागे बसेल, मूर्ती मांडीवर घेऊन. चालेल?'

इथे तुम्ही दुसऱ्यांदा मान हलवलीत, काका. कॅमेऱ्यात आहे. निकाल लागलेला आहे, आता अपील चालणार नाही. सिनेमाचा शेवटही हाच ठरलाय.

डबी वीणाच्या देवघरात आहे. तुमच्या त्या तीन बोटांचं विसर्जन राहिलंय, ते यंदाच्या मूर्तीबरोबर होईल. वीणा तुमच्याशी बोलायला अजून तयार नाही. मी तिला आग्रह केला नाही, तुम्हीही करू नका. पण मागच्या सीटवर बसायला ती तयार आहे.

चोवीस ऑगस्टचं तिकीट सोबत पाठवतेय. हॅट राहिली तरी चालेल. यंत्रं मात्र कानात घालून या. गाडीत मागून कदाचित तिला काही बोलावंसं वाटेल.

तुमची
आश्लेषा